मूळ रिमवर रुंद आणि लो-प्रोफाइल टायर बसवताना: आधी काय मोजायचं आणि मग कुठल्या क्रमाने बसवायचं

हे काम बहुतेक जण उलट्या क्रमाने करतात. आधी टायर आवडतो, मग तो विकत घेतला जातो, मग दुकानात रिमवर चढतो का ते बघितलं जातं आणि मशीनवर चढला की झालं काम असं समजून गाडी बाहेर निघते. पण टायर मशीनवर चढणं वेगळं आणि तो त्या रिमसाठी योग्य असणं वेगळं. मशीनला काय, ते साडेपाच इंची रिमवर २२५ चा टायरसुद्धा चढवून देईल, हवाही भरली जाईल, आणि मग वळणावर स्टिअरिंग ढिलं वाटायला लागलं की लोक अलाइनमेंटवाल्याकडे चकरा मारतात. अलाइनमेंटचा त्यात काही दोष नसतो, चूक टायर ऑर्डर करतानाच झालेली असते. म्हणून खालचे पहिले पाच टप्पे नुसत्या मोजामापाचे आहेत, कंटाळवाणे वाटले तरी ते गाळू नका.

मूळ रिम म्हणजे गाडीसोबत कंपनीतून आलेली रिम. व्यास तोच, रुंदी तीच, बदलणार फक्त टायर. लो-प्रोफाइल म्हणजे बाजूची भिंत कमी उंचीची असलेला टायर. इथे सगळीकडे एकच उदाहरण घेतोय: मूळ टायर १८५/६५ आर १५, रिम १५ इंच व्यासाची आणि ५.५ इंच रुंदीची. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील तर ते त्या जागी टाका, रीत तीच राहते.

टप्पा १: कंपनीने काय दिलंय ते लिहून काढा

आत्ता गाडीला जो टायर आहे त्याच्यावरचा नंबर वाचून सुरुवात करू नका, खास करून गाडी सेकंडहँड असेल तर अजिबात नाही, कारण आधीच्या मालकाने साइज बदललेली असू शकते आणि मग तुमचं सगळं गणित चुकीच्या आकड्यावर उभं राहतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतो, मॅन्युअलमध्येही तीच माहिती असते. त्यावरून साइज, लोड इंडेक्स, स्पीडचं अक्षर आणि हवेचं प्रेशर उतरवून घ्या.

१८५/६५ आर १५ ८८ एच हे असं वाचायचं: १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे इंचामध्ये रिमचा व्यास, ८८ हा वजनाचा कोड आणि एच हा वेगाचा. यातला ६५ टक्क्यांमध्ये आहे हे नीट लक्षात ठेवा, पुढे तिसऱ्या टप्प्यात सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

टप्पा २: रिमची रुंदी, सगळं इथेच ठरतं

रिमवर ५.५ जे × १५ अशा प्रकारचा शिक्का असतो. लोखंडी रिमवर तो बहुतेक पुढून किंवा व्हॉल्व्हच्या आसपास दिसतो, अलॉयवर मागच्या बाजूला एखाद्या स्पोकच्या पाठीवर असतो, त्यामुळे चाक काढून बघावं लागू शकतं. यातला ५.५ हा तुमचा आकडा.

शिक्का वाचता येत नसेल तर मोजा, पण बीड (रिमवर बसणारी टायरची आतली कड) जिथे बसतो तिथे, दोन्ही कडांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजायचं. बाहेरून बाहेर मोजलं तर आकडा जवळपास इंचभर जास्त येतो आणि साडेपाचची रिम साडेसहाची वाटते. ही चूक फार कॉमन आहे आणि फार महागात पडते.

आता प्रत्येक टायर साइजसाठी किती रुंदीची रिम चालते याची एक ठरलेली रेंज असते, टायर कंपनीच्या तक्त्यात ती छापलेली असते:

- १८५/६५ आर १५: ५ ते ६.५ इंच
- १९५/६० आर १५: ५.५ ते ७ इंच
- २०५/५५ आर १५: ५.५ ते ७.५ इंच

म्हणजे साडेपाचच्या रिमवर १९५/६० बसतो, पण रेंजच्या अगदी खालच्या टोकाला. कागदावर २०५/५५ पण बसतो, तोही खालच्या टोकाला, आणि इथे माझं मत स्पष्ट आहे: तो घेऊ नका. त्या टायरची रुंदी साडेसहा इंची रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायरची खरी रुंदी साधारण ५ मिलिमीटरने कमी होते, इथे तर पूर्ण इंचाचा फरक आहे, त्यामुळे नावातल्या २० मिलिमीटर वाढीतला बराचसा भाग हातात येतच नाही. वर बीड आत ओढले गेल्यामुळे साइडवॉल बाहेर फुगते, ट्रेड (रस्त्याला लागणारा नक्षीचा भाग) मधोमध गोलसर होतो, रस्त्याला टेकणारा भाग उलट कमी होतो आणि वळणावर टायर रिमवर डुलतो. पकड वाढावी म्हणून केलेला खर्च आणि पकड होती तेवढीपण राहिली नाही, असा तो प्रकार होतो.

म्हणून मूळ रिमवर एकच पायरी वर जायचं. १८५ वरून १९५, १७५ वरून १८५, बस.

> थांबा आणि तपासा: निवडलेल्या साइजची रिम रेंज त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या तक्त्यात बघितली का? तुमची रिम रेंजच्या बाहेर असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, ती साइज रद्द.

टप्पा ३: व्यासाचं गणित

सूत्र सोपं आहे. साइडवॉल = रुंदी × टक्केवारी. टायरचा पूर्ण व्यास = रिमचा व्यास + दोन साइडवॉल. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर.

- १८५/६५: साइडवॉल १२०.२५, व्यास ६२१.५ मिमी (मूळ)
- १९५/६०: साइडवॉल ११७, व्यास ६१५ मिमी, साधारण १ टक्का कमी
- १९५/५५: साइडवॉल १०७.२५, व्यास ५९५.५ मिमी, ४ टक्क्यांहून जास्त कमी
- २०५/६०: साइडवॉल १२३, व्यास ६२७ मिमी, जवळपास १ टक्का जास्त

शेवटची ओळ परत वाचा. ६५ वरून ६० वर आलो तरी साइडवॉल कमी व्हायच्या ऐवजी वाढली, कारण ६० टक्के कशाचे तर २०५ चे. नुसता मधला आकडा लहान दिसला म्हणून टायर लो-प्रोफाइल होत नाही, दर वेळी गुणाकार करून मिलिमीटरमध्ये बघायचं.

आणि दुसरी गोष्ट, जी टायर विकणारे सहसा सांगत नाहीत: रिम तीच ठेवली तर साइडवॉल जितकी कमी कराल त्याच्या दुप्पट टायरचा व्यास कमी होतो, यातून सुटका नाही. त्यामुळे मूळ रिमवर फार पातळ टायर करताच येत नाही. चाकाभोवती रबराची बारीक पट्टी दिसणारा लूक हवा असेल तर त्याला मोठ्या व्यासाची रिम लागते आणि ते वेगळं काम आहे. इथे आपल्याला मिळतं ते थोडी रुंदी आणि किंचित कमी साइडवॉल, म्हणजे वळणावर जरा नेटकी गाडी.

फरक किती चालतो? मी २ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगेन, ३ च्या पुढे तर नाहीच. व्यास कमी झाला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो: १९५/६० वर काटा १०० दाखवेल तेव्हा टायर बदलण्याआधीच्या तुलनेत गाडी ९९ ने चाललेली असेल, १९५/५५ वर ९६ च्या आसपास. ओडोमीटरही त्याच हिशोबाने जास्त पळतो. व्यास वाढला तर उलटं होतं, काटा कमी दाखवतो आणि तुम्ही नकळत वेगमर्यादा ओलांडता, म्हणून दोनपैकी एक निवडायचं झालं तर किंचित लहान व्यास बरा. गाडीची जमिनीपासूनची उंची व्यासातल्या फरकाच्या निम्म्याने बदलते. १९५/६० ला ती ३ मिलिमीटर कमी होते, कळणारही नाही, पण १९५/५५ ला १३ मिलिमीटर जाते आणि ती स्पीडब्रेकरवर कळते.

टप्पा ४: लोड इंडेक्स आणि स्पीडचं अक्षर

लोड इंडेक्स ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८४ म्हणजे ५००, ८२ म्हणजे ४७५. नवीन टायरचा आकडा मूळइतका किंवा जास्तच हवा. रुंद टायर म्हणजे आपोआप जास्त वजन पेलणारा असं नसतं, साइडवॉल कमी झाली की आत हवेला जागा कमी होते आणि वजन पेलते ती हवा.

टायरवर एक्सएल (जास्त वजनासाठी मजबूत केलेला टायर) लिहिलं असेल तर अजून एक गोष्ट बघा. साधा टायर आपलं पूर्ण वजन २.५ बारला, म्हणजे साधारण ३६ पीएसआयला पेलतो, एक्सएल टायर २.९ बारला, म्हणजे ४२ च्या आसपास. मूळ टायर साधा ८८ आणि नवीन एक्सएल ८८ असेल तर जुन्याच प्रेशरवर तो मूळपेक्षा कमी वजन पेलतो. अशा वेळी टायर कंपनीच्या तक्त्यातून प्रेशर काढून घ्यायचं, अंदाजाने नाही.

वेगाचं अक्षर: टी १९०, एच २१०, व्ही २४० किलोमीटर ताशी. मूळपेक्षा खालचं घेऊ नका, "मी एवढ्या वेगाने कुठे चालवतो" हे कारण इथे चालत नाही, कारण ते अक्षर टायर उष्णता किती सहन करतो तेही सांगतं.

टप्पा ५: चाकाभोवतीची जागा मोजा

जुना टायर लावलेला असतानाच मोजायचं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे लावलेले. पुढच्या चाकाला तीन जागा बघा: आत स्ट्रट (चाकामागचा सस्पेन्शनचा दांडा) आणि टायर यांच्यामधली फट, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे स्टिअरिंग वळवून फेंडरच्या आतल्या प्लॅस्टिक लायनरपासूनचं अंतर, आणि वर फेंडरच्या कडेपासूनचं. मागच्या चाकाला आतली बाजू आणि फेंडरची कड.

१८५ चा १९५ केला की प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर जागा जाते असं धरा. रिमचा ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) बदलत नाहीये त्यामुळे आत-बाहेर सारखंच वाटलं जातं. एवढं वजा करून स्ट्रटजवळ ६-७ मिलिमीटर तरी उरायला हवेत, कारण वळणावर टायर दबतो आणि बेअरिंग, बुश यांच्यात थोडी हालचाल असतेच. वेगवेगळ्या कंपन्यांचे १९५ सारखे नसतात, काहींना रिम वाचवणारा जाड ओठ असतो, म्हणून तक्त्यात खरी सेक्शन रुंदी (एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतची) आणि ती कुठल्या रिमवर मोजलीये ते बघा.

> सावधान: रिकाम्या गाडीवर मोजून खूश होऊ नका. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असताना मागचा भाग किती बसतो ते बघून फेंडरच्या कडेचं अंतर परत मोजा. घासायचं असेल तर तिथेच घासतं.

तुमच्या भागातले गाडीत बदल करण्याचे नियम आणि विम्याची अटही याच टप्प्यावर बघून घ्या, टायर घेतल्यावर नाही.

टप्पा ६: घेताना

चारही टायर एकाच साइजचे आणि एकाच मॉडेलचे घ्या. पुढे रुंद, मागे मूळ असं करू नका, एबीएस आणि स्थिरता सांभाळणारी यंत्रणा चारही चाकांचे वेग एकमेकांशी ताडून बघत असते. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर व्यासातला फरक थेट डिफरन्शियलवर (चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या गिअरवर) येतो.

साइडवॉलवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. चारही टायरचे बघा, एकाचे बघून सोडू नका.

टप्पा ७: जुना टायर उतरवणं आणि रिम साफ करणं

टायरवाला घाई करतो ते इथे. तुम्ही शेजारी उभं राहा आणि या गोष्टी करून घ्याच:

१. आत प्रेशर सेन्सर असेल तर मशीनवर चढवण्याआधी सांगा. बीड तोडणारा पंजा व्हॉल्व्हच्या जागी पडला की सेन्सर गेला.

२. टायर उतरला की रिमची कड आणि बीड बसायची जागा तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. गंज किंवा जुनं रबर राहिलं तर तिथून हवा हळूहळू जात राहते आणि पंक्चर सापडत नाही.

३. बॅलन्सिंगची जुनी सगळी वजनं काढा, चिकटवलेलीसुद्धा.

४. नुसती रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. वाकलेली असेल तर डोळ्याला दिसते. कमी साइडवॉलचा टायर वाकलेल्या रिमचे धक्के झाकत नाही.

५. रबरी व्हॉल्व्ह नवीन टाका.

टप्पा ८: आधी एकच टायर चढवा

हे फार कमी लोक करतात आणि सगळ्यात उपयोगी हेच आहे. चारही टायर चढवून झाले की दुकानदार परत घेणार नाही. म्हणून एक टायर रिमवर चढवायचा, हवा भरायची, पुढे लावून दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग फिरवायचं, मग मागे लावून बघायचं. शंका असेल तिथे, स्ट्रटवर किंवा लायनरवर, मुलांची खेळायची माती चिकटवा आणि गाडी हळू पुढेमागे घ्या, माती दबली किंवा घासली गेली की जागा कमी आहे. सगळं मोकळं असेल तरच बाकीचे तीन.

चढवताना:

- बाण असलेला टायर फिरण्याच्या दिशेनेच, आणि आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेरच.
- बीडवर टायर पेस्टच लावायची. ऑइल, ग्रीस, रॉकेल नाही. ऑइल आणि रॉकेल रबर खातं, आणि ग्रीस वाळत नाही त्यामुळे ब्रेक मारल्यावर रिम टायरच्या आत फिरू शकते.
- टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आणा, वजन कमी लागतं.
- कमी साइडवॉल कडक असते, त्यामुळे शेवटचा भाग चढवताना समोरचा बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवायचा. नुसत्या जोरावर ओढला तर बीडच्या आतली तार तुटते, बाहेरून काही दिसत नाही आणि टायर धोक्याचा होतो.
- बीड बसवताना व्हॉल्व्हची पिन काढून हवा भरा, हवा झपकन जाते आणि दोन्ही बीड आवाज करत बसतात.

> सावधान: बीड बसत नाही म्हणून ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. हवा सोडा, परत पेस्ट लावा, परत भरा. हवा भरताना कुणी टायरवर वाकून उभं राहायचं नाही. रुंद टायर अरुंद रिमवर असला की बीड कडांपासून लांब असतात आणि पहिल्यांदा हवा धरत नाहीत, तिथे पेट्रोल उडवून पेटवायचा प्रकार कुणी सुचवला तर त्या दुकानातून निघा.

> तपासा: रिमच्या कडेला लागून टायरवर एक बारीक उठावदार रेघ असते. ती दोन्ही बाजूंना, पूर्ण गोलात रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेलेली असेल तर बीड बसलेला नाही, आणि असं चाक कितीही बॅलन्स केलं तरी थरथरणार.

मग पिन घालून प्रेशर ठरलेल्या आकड्यावर आणा आणि दोन्ही कडांना आणि व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा.

टप्पा ९: बॅलन्सिंग

वजनं लावल्यावर चाक परत फिरवून दोन्ही बाजूंना शून्य आलेलं स्वतः बघा. एखाद्या चाकाला खूपच वजन लागत असेल तर वजनांची रांग चिकटवण्याऐवजी हवा सोडून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवायला सांगा, बऱ्याचदा निम्म्यावर येतं.

टप्पा १०: चाकं गाडीला लावणं

हबचा गंज ब्रशने काढा, नाहीतर रिम सपाट बसत नाही. नट आधी सगळे हाताने, मग चाक हवेत असताना पान्याने हलके, मग गाडी खाली घेऊन समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने. आकडा मॅन्युअलमधला, छोट्या गाड्यांना बहुतेक १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो पण तुमचा बघा. एअर गनने करकचून आवळलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर सुटत नाहीत आणि ब्रेक डिस्कही वाकू शकते.

टप्पा ११: प्रेशर, अलाइनमेंट, सेन्सर

लोड इंडेक्स तोच आणि टायर साधाच असेल तर दारावरच्या स्टिकरचं प्रेशर ठेवा, टायर थंड असताना. "रुंद आहे म्हणून दोन-तीन पीएसआय कमी ठेव" हा सल्ला चुकीचा आहे. कमी हवेत कमी साइडवॉलचा टायर खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेंगरतो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो, त्याची दुरुस्ती नसते, टायर फेकायचाच.

अलाइनमेंट करून घ्याच. रुंद टायर रस्त्यातल्या चाकोरीच्या मागे स्टिअरिंग ओढतो, आणि टो (चाकं पुढच्या बाजूला किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) आधीपासून चुकलेला असेल तर हे ओढणं अजून वाढतं. प्रेशरची सूचना देणारी यंत्रणा असेल तर तीही मेनूमधून रीसेट करा.

स्टेपनी मूळ साइजची राहिली असेल तर ती फक्त दुकानापर्यंत पोचण्यासाठी, हळू चालवून. तिच्यावर ताशी वेग किती ठेवायचा ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

टप्पा १२: पहिले काही दिवस

पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि जोरात वळणं टाळा, नव्या रबराच्या पृष्ठभागाला पकड यायला वेळ लागतो. पावसात मात्र नंतरही जपून, कारण रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आणि जुन्या टायरवर जो वेग सुरक्षित वाटायचा तो या टायरवर असेलच असं नाही.

५० ते १०० किलोमीटर झाल्यावर चाकं थंड असताना नट परत टॉर्क पान्याने तपासा. त्याच वेळी लायनरच्या आत हात फिरवून बघा, प्लॅस्टिक घासून चकचकीत झालं असेल तर कुठेतरी टायर लागतोय, आवाज येत नसला तरी.

हजार-दीड हजार किलोमीटरनंतर ट्रेडची खोली आत, मधे आणि बाहेर अशी तीन जागी मोजून लिहून ठेवा, आणि पुढे दर वेळी चाकं अदलाबदल करताना तेच करा. मधला भाग लवकर झिजत असेल तर हवा जास्त आहे किंवा रिम या टायरला अरुंद पडतेय. आधी प्रेशर खात्रीच्या गेजने तपासा, ते बरोबर निघालं तर पुढच्या वेळी रुंदी एक पायरी खाली आणा. दोन्ही कडा झिजत असतील तर हवा कमी, एकच कड झिजत असेल तर परत अलाइनमेंट.